सात हजार डॉलरचा हिशेब नीट वाचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी भाषांतल्या, कमी पैशांत झालेल्या हाणामारीच्या सिनेमांवर आपल्याकडे लिहून येते तेव्हा एक आकडा हमखास असतो: सात हजार डॉलर. रॉबर्ट रॉड्रिगेझचा ‘एल मारियाची’ हा स्पॅनिश भाषेतला सिनेमा मेक्सिकोत एवढ्याच पैशांत झाला, हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की सिनेमा करू पाहणारी मुले ते पाठ म्हणतात. आकडा खरा आहे. त्याच्या अवतीभवतीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. त्यामुळे करणाऱ्यांचे पैसे बुडतात आणि पाहणाऱ्यांचा असा समज होतो की या सिनेमांची ओढ जिद्दी पोराच्या कहाणीमुळे वाटते. भाषा कळत नाही, नट ओळखीचे नाहीत, तरीही हे सिनेमे माणसाला खुर्चीत धरून ठेवतात. याचे कारण पडद्यावरच आहे आणि ते शॉट मोजून दाखवता येते. पत्र लांबले आहे, पण तपशिलाशिवाय हा मुद्दा पोकळ राहील.

आधी पैशांचे. १९९१च्या उन्हाळ्यात टेक्सासच्या सीमेला लागून असलेल्या सिउदाद अकुन्या या मेक्सिकन गावात १४ दिवसांत चित्रीकरण झाले. दिग्दर्शक तेवीस वर्षांचा होता. तेव्हाच्या दराने सात हजार डॉलर म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. त्यातला बराच भाग त्याने औषधचाचणी केंद्रात स्वतःवर चाचण्या करून घेऊन मिळवला आणि पटकथाही तिथल्या मुक्कामातच लिहिली. पण ही रक्कम व्हिडिओ टेपवर एडिट झालेली प्रत हातात येईपर्यंतची आहे. स्पॅनिश भाषेतल्या होम व्हिडिओच्या बाजारात ती विकायची, एवढाच मूळ बेत होता. कोलंबिया पिक्चर्सने सिनेमा घेतल्यावर ३५ मिलिमीटरची प्रत काढणे, आवाज नव्याने बसवणे आणि जाहिरात यांवर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा ओतला गेला. थिएटरात जे लोकांनी पाहिले, ते सात हजारांत झालेले नव्हते.

शिवाय कॅमेरा उसना होता. नायकाचे काम करणारा आणि निर्मितीत भागीदार असलेला कार्लोस गायार्दो त्याच गावचा, त्यामुळे बार, बस, रस्ते, तुरुंगसुद्धा ओळखीवर मिळाले. सुरुवातीचा तुरुंगातला प्रसंग गावच्या खऱ्या तुरुंगात आहे. आज कोणी दोन-तीन लाख घेऊन कॅमेरा भाड्याने, बंगला भाड्याने, जेवण केटररचे अशा पद्धतीने निघाला तर चौथ्या दिवशी पाकीट रिकामे होते. पटकथा लिहिण्याआधी रॉड्रिगेझने हाताशी काय आहे ते पाहिले: गिटारची पेटी, पिट बुल कुत्रा, मोटारसायकल, बस, एक कासव, गाव. मग या वस्तूंभोवती गोष्ट विणली. काळ्या कपड्यांतला एक गायक गिटारची पेटी घेऊन गावात येतो, त्याच वेळी काळ्या कपड्यांतला दुसरा माणूस तशाच पेटीत बंदुका घेऊन येतो, आणि गुंडांची गल्लत होते. सगळा थरार एका पेटीवर उभा आहे. ती गोष्ट समजायला स्पॅनिश यावी लागत नाही, डोळे उघडे असले की पुरे. परभाषेतला स्वस्त सिनेमा जगभर जातो तो असा.

पैसा गेला मुख्यतः फिल्मवर, ती धुण्यावर आणि टेपवर उतरवण्यावर. इथे थोडे गणित केले की पुढचे सगळे उलगडते. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, बसतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ४०० फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपते. सिनेमा ८१ मिनिटांचा, त्यासाठी नुसती पडद्यावर दिसणारी फिल्मच सुमारे २,९०० फूट. प्रत्येक शॉट पाच वेळा घ्यायचा म्हटले तर साडेचौदा हजार फूट. तेवढी ऐपत नव्हती, म्हणून बहुतेक शॉट एकदाच घेतले. शॉटचा आकडा लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरण्यातही फिल्म जाते. दर शॉटला पाच सेकंद पाटी दाखवली तर तीन फूट, पाचशे शॉटना दीड हजार फूट, म्हणजे जवळपास चार रिळे नुसत्या पाट्यांत! रॉड्रिगेझने पाटी ठेवलीच नाही. नट बोटांनी आकडा दाखवायचे.

एकच टेक असल्यामुळे चुकाही तशाच राहिल्या. पळताना नायकाची बंदूक खांबावर आपटते. गिटारची पेटी सज्जावर फेकायला जातो ती नीट पडत नाही. मेलेल्या बाईचा चेहरा किंचित हलतो. नायक रस्त्यावर शहाळे घेतो पण पैसे देतानाचा शॉट घ्यायचा राहून गेला, तेव्हा परत त्या जागी न जाता रॉड्रिगेझने नायकाच्या आवाजात एक वाक्य टाकले की इथे शहाळी फुकट मिळतात. जाणकारांना या चुका दिसतात, पण सिनेमा त्यांनी मोडत नाही, उलट माणूस खरोखर धापा टाकत पळतोय असे वाटते. दहा टेकमधून निवडलेल्या गुळगुळीत धावण्यात ती घाई उरत नाही.

आता आवाजाकडे वळतो, कारण या सिनेमाची सर्वात मोठी अडचण आणि सर्वात मोठी गंमत दोन्ही तिथे आहेत. वापरलेला ॲरिफ्लेक्स कॅमेरा चालताना घरघर करायचा, त्यामुळे चित्र घेताना आवाज घेणे शक्यच नव्हते. मग शॉट झाला की कॅमेरा बंद करायचा, माइक तोंडाजवळ न्यायचा, आणि नटांकडून तीच वाक्ये त्याच चालीत साध्या कॅसेट रेकॉर्डरवर पुन्हा म्हणून घ्यायची. एडिट करताना हा आवाज ओठांवर बसवायचा. कॅसेट आणि कॅमेरा यांची गती एकमेकांशी बांधलेली नसते, आणि नटाने दुसऱ्यांदा म्हटलेले वाक्य पहिल्याइतकेच लांब असेल याचीही खात्री नसते. चार शब्द जुळतात, पाचव्याला ओठ आणि आवाज वेगळे पडतात. जिथे वेगळे पडले तिथे रॉड्रिगेझने चित्र कापले आणि समोरच्याचा चेहरा दाखवला, कुत्रा दाखवला, हातातली वस्तू दाखवली. या सिनेमाचा जो झपाटा लोकांना आवडतो, तो पुष्कळसा या जुळत नसलेल्या ओठांतून आला आहे.

ही अडचण फोनवर सिनेमा करणाऱ्यांना संपली असे वाटते, पण ती दुसऱ्या वाटेने परत येते. बहुतेक फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग किंचित कमी-जास्त करत राहतात. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर लांब शॉटच्या शेवटी ओठ पुढे-मागे झालेले दिसतात, आणि मुले एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला दोष देतात. उपाय सोपा आहे. फ्रेमचा वेग पक्का बांधता येईल असे कॅमेरा ॲप वापरावे, शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटीही टाळी वाजवावी, आणि एडिटला बसण्याआधी सगळ्या फाइल्स स्थिर वेगात बदलून घ्याव्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिव्यांखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवावे. परदेशी व्हिडिओ पाहून ३० फ्रेम आणि एक साठांश ठेवले की भिंती लुकलुकतात. तो दोष नंतर धड काढता येत नाही.

उजेडाचीही तीच तऱ्हा. घरातल्या प्रसंगांना दोनशे वॅटचे दोन चिमट्याचे दिवे होते. एवढ्यात खोली उजळत नाही, चेहरा उजळतो. म्हणून कॅमेरा जवळ गेला आणि मागची खोली अंधारात राहिली, जी तशीही दाखवण्यासारखी नव्हती. कॅमेरा फिरवायला रुळांऐवजी चाकाची खुर्ची. तिचा हादरा जास्त परिसर पकडणाऱ्या रुंद लेन्सवर लपतो, दूरचे जवळ आणणाऱ्या लांब लेन्सवर दुप्पट-चौपट होऊन दिसतो. खुर्ची वापरायची तर रुंद लेन्स लावून नटाच्या जवळ जायचे. हे उलटे करणारे बरेच दिसतात.

बंदुकांबद्दल मात्र मला काळजीने लिहायचे आहे, कारण इथे अनुकरण जिवावर बेतू शकते. ‘एल मारियाची’त काही ठिकाणी पाण्याच्या पिचकाऱ्या आहेत, काही ठिकाणी स्थानिक पोलिसांकडून उसन्या आणलेल्या खऱ्या बंदुका. त्यांत बिनगोळीची काडतुसे भरली तर एक बार होऊन बंदूक अडकायची. स्वयंचलित बंदूक पुढचे काडतूस ओढून घेते ते गोळीमागे कोंडलेल्या वायूच्या दाबावर. गोळीच नसेल तर दाब नळीतून निसटतो आणि यंत्रणा मागे सरकत नाही. सिनेमासाठी तयार केलेल्या बंदुकांच्या नळीत म्हणून अडथळा बसवलेला असतो. रॉड्रिगेझकडे तो नव्हता. त्याने एक-एक बार वेगवेगळ्या कोनांतून घेतला, तुकडे जोडले आणि वर मशिनगनचा आवाज घातला. पडद्यावर झड लागल्यासारखे दिसते. एडिटिंगचा धडा म्हणून हे उत्तम आहे. पद्धत म्हणून ती उचलू नये.

बिनगोळीचे काडतूस म्हणजे निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. त्यात दारू खरी असते, आणि जवळून उडाले तर तापलेला वायू आणि काडतुसातला बोळा गोळीसारखे लागतात. ऑक्टोबर १९८४मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकन नट सेटवर अशीच बंदूक स्वतःच्या कानशिलाला लावून दाबल्याने दगावला. ३१ मार्च १९९३ रोजी चित्रीकरणात गोळी लागून ब्रँडन ली या नटाचा मृत्यू झाला, त्याचे कारण आणखी बारीक होते. आधीच्या शॉटसाठी दारू काढून टाकलेली दिखाऊ काडतुसे वापरली होती. त्यांतल्या एका गोळीचे टोक नळीत अडकून राहिले आणि कोणी नळी तपासली नाही. पुढे त्याच बंदुकीत बिनगोळीचे काडतूस भरले, आणि त्याच्या दाबाने अडकलेले टोक बाहेर पडले. दोन्ही वस्तू आपापल्या जागी सुरक्षित वाटत होत्या, एकामागून एक वापरल्या गेल्या तेव्हा त्यांची खरी गोळी झाली.

स्वस्त आणि सुरक्षित वाट आज उपलब्ध आहे. ‘द रेड’ या २०११च्या इंडोनेशियन सिनेमात एअरसॉफ्ट, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या खेळण्यातल्या, बंदुका वापरल्या. नळीच्या तोंडाशी उडणारी ज्वाला आणि बाहेर पडणारी टरफले नंतर संगणकावर घातली. आपल्याकडच्या लघुपटांत हे काम फसते, त्याची कारणे ठरलेली आहेत. ज्वाला एकच फ्रेम दिसायला हवी, तीन फ्रेम ठेवली की टॉर्च लागल्यासारखी वाटते. त्याच फ्रेममध्ये बंदूक धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि जवळच्या भिंतीवर उजेड वाढवावा लागतो, नाहीतर ज्वाला चित्रावर चिकटवलेली दिसते. तीच एक प्रतिमा दर बाराला वापरू नये, फिरवावी, आकार बदलावा. आणि नटाने हात झटकलाच नसेल तर संगणक काही करू शकत नाही. खेळण्यातली बंदूकसुद्धा रस्त्यावर काढण्याआधी जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावे, आजूबाजूच्या दुकानदारांना सांगावे. दुरून पाहणाऱ्याला ती खेळण्यातली आहे हे कळत नसते.

रक्ताचेही तसेच. रॉड्रिगेझने निरोधमध्ये नकली रक्त भरून ते व्यायामाच्या जाड पट्ट्यावर बसवले होते. अशी रक्ताची पिशवी फोडायला आजच्या मुलांनी स्फोटकाच्या वाटेला जाऊ नये. बागेत फवारणीसाठी वापरतात तो हातपंप, त्याला पातळ नळी, नळी कपड्याआतून छिद्रापर्यंत, एवढ्यावर काम होते. कापड आधी आतून ब्लेडने अर्धवट खरवडून ठेवायचे म्हणजे दाबाने तिथेच फाटते. रक्तासाठी लिक्विड ग्लुकोज, पाणी, लाल खाद्यरंग आणि चिमूटभर कोको. कोको नसेल तर रंग सरबतासारखा गुलाबी दिसतो. नळीत हवा राहिली तर आधी फुस्स होते आणि मग रक्त येते, म्हणून शॉटआधी नळी टोकापर्यंत भरून घ्यावी. शर्ट किमान तीन सारखे हवेत.

‘द रेड’चे नाव आलेच आहे, तर त्याची गोष्ट वेगळी म्हणून सांगायला हवी. तो सुमारे अकरा लाख डॉलरमध्ये झाला, तेव्हाच्या दराने पाच कोटींच्या आसपास. आपल्याकडे ही रक्कम लहान नाही, पण अशा सिनेमाच्या जागतिक मापाने ती फुटकळच. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स मूळचा वेल्सचा, पण सिनेमा पूर्णपणे इंडोनेशियन भाषेत. त्याला आधी दुसरा मोठा सिनेमा करायचा होता, त्याला पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून एकाच इमारतीत घडणारी गोष्ट लिहिली. पोलिसांची वीस जणांची तुकडी गुंडाच्या ताब्यातल्या उंच चाळवजा इमारतीत शिरते, बाहेर पडायची वाट बंद होते, आणि मजल्यामजल्यावर लढाई. एका जागी सिनेमा ठेवला की युनिट हलवण्यात जाणारे दिवस वाचतात. सामान उतरवा, दिवे लावा, पुन्हा भरा, यातच अर्धा दिवस जातो. ते दिवस त्यांनी मारामारीला दिले.

आणि मारामारीची तयारी हा या सिनेमाचा खरा खर्च आहे. नायक इको उवैस आणि खलनायकाचा उजवा हात झालेला यायान रुहियान हे दोघे पेंचाक सिलाट या इंडोनेशियन युद्धकलेचे जाणकार. सिनेमात येण्याआधी उवैस एका टेलिफोन कंपनीत वाहन चालवायचा, आणि इव्हान्सला तो या कलेवर माहितीपट करताना भेटला. पोलिस अधिकाऱ्याच्या भूमिकेतला जो तस्लिम राष्ट्रीय संघातला जुडोपटू होता. या मंडळींनी दिग्दर्शकाबरोबर गादी घातलेल्या खोलीत बसून प्रत्येक मारामारी आधी रचली. मग ती साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, ज्या कोनातून नंतर घ्यायची त्याच कोनातून शॉट शॉट करून चित्रित केली आणि एडिटही केली. सेटवर पोहोचले तेव्हा संपूर्ण मारामारीचा कच्चा सिनेमा त्यांच्या हातात तयार होता. किती सेकंदांचा शॉट, कॅमेरा कुठे, कोणता हात आधी, सगळे ठरलेले. सेटवर विचार करायला वेळ लागत नाही आणि विचाराचा वेळ हाच सर्वात महाग असतो.

पडद्यावर याचा परिणाम असा की कोण कुठे उभा आहे, दार कोणत्या बाजूला आहे, कोणाच्या हातात काय आहे, हे प्रत्येक क्षणी कळते. माझ्या मते या सिनेमांची ओढ मुळात इथे आहे. मोठ्या बजेटच्या हाणामारीत चार-पाच कॅमेरे एकदम चालतात आणि एडिटर नंतर त्यांतून तुकडे उचलतो, प्रत्येक तुकडा अर्ध्या सेकंदाचा. माणसे हलताना दिसतात, घडले काय ते कळत नाही. हाँगकाँगच्या जुन्या स्टंट दिग्दर्शकांनी वेगळी रीत घालून दिली: तीन-चार हालचालींचा एक तुकडा, त्या तुकड्याला शोभेल असा एकच कोन, तेवढेच घ्यायचे आणि पुढे जायचे. फिल्मही वाचते आणि मारामारीला वाक्यासारखी सुरुवात-शेवट मिळते. ठोसा लागतो तिथे कापताना पुढच्या शॉटमध्ये दोन-तीन फ्रेमची पुनरावृत्ती ठेवायची, डोळ्याला ती दिसत नाही, फक्त मार जड वाटतो. सेकंदाला २२ फ्रेमने घेऊन २४ने दाखवायचे, म्हणजे हालचाल नऊ टक्के वेगवान होते. १८ फ्रेमपर्यंत खाली गेलात तर कपडे आणि पावले माकडचेष्टेसारखी दिसू लागतात.

आपल्याकडचे स्वस्त ॲक्शन लघुपट पाहताना नेमके हे हुकलेले दिसते. ठोसा हनुवटीपासून वीतभर लांब राहतो आणि कॅमेरा बाजूने लावलेला असतो, त्यामुळे ती वीत सगळ्यांना दिसते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे न्यावा, अंतर झाकले जाते. मग फसलेला ठोसा लपवायला कॅमेरा हलवतात, कापाकापी करतात, आणि दोन माणसांमधली काल्पनिक रेघ ओलांडली जाऊन डावीकडचा अचानक उजवीकडे येतो. प्रेक्षक तिथे सुटतो. आवाजही कुठून तरी उतरवलेला, सगळ्या ठोशांना एकच. चामड्याचे जाकीट उशीवर आपटून, सेलरीचे दांडे मोडून एका संध्याकाळी पन्नास वेगवेगळे आवाज घरात रेकॉर्ड करता येतात.

सिलाटची परंपरा २०१९मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पण तिला जगभर प्रेक्षक मिळाला तो त्याआधीच, या सिनेमामुळे. हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला मर्दानी खेळ आठवल्याशिवाय राहणार नाहीत. दांडपट्टा, लाठी, फरीगदगा, बोथाटी शिकवणारे वस्ताद आणि शिकलेली मुले-मुली इथे आहेत. तालमींत कलाजंग, ढाक, धोबीपछाड, घिस्सा, मोळी डोळे मिटून टाकणारे पैलवान आहेत. कुस्तीचा डाव तर चित्रीकरणाला अत्यंत सोयीचा, कारण त्यात अंतर लपवायचे नसते, दोन अंगे खरोखर भिडलेली असतात, एका रुंद शॉटमध्ये पकड, उचल आणि आपट सगळे मावते. तांबड्या मातीचा हौदा घाव झेलतो. लाठी घ्यायची तर दूरच्या शॉटला खरी, अंगाला लागणाऱ्या शॉटला पीव्हीसी पाइपवर फोमची नळी चढवून रंगवलेली. पट्ट्याचे पाते लांब आणि लवचीक असते, त्याचा फेर हातापेक्षा कितीतरी मोठा पडतो, म्हणून कॅमेरामनला जमिनीवर चुन्याची रेघ आखून द्यावी आणि धार नसलेलेच पाते वापरावे. मराठीत हे ऐतिहासिक पटांपुरतेच का राहिले आहे? बाजार समितीच्या गोदामात, बंद पडलेल्या सूतगिरणीत, एका रात्रीत घडणाऱ्या आजच्या गोष्टीत दोन पैलवान भिडले तर ते जपानपासून ब्राझीलपर्यंत कोणालाही कळेल.

शेवटचा मुद्दा भाषेचा. हे सिनेमे आपल्यापर्यंत बहुधा इंग्रजी सबटायटलने किंवा हिंदी, तमीळ, तेलुगू डबिंगने येतात. मराठी सबटायटल क्वचितच. डबिंगने सर्वात जास्त नुकसान स्वस्त हाणामारीपटांचेच होते, आणि त्याचे तांत्रिक कारण आहे. डब करायला संवाद वगळून संगीत आणि इतर सगळे आवाज यांची वेगळी ध्वनिपट्टी लागते. मोठे स्टुडिओ ती तयार करून देतात. कमी पैशांच्या सिनेमात ती बरेचदा नसते किंवा अर्धवट असते, मग डब करणारे श्वास, पावले, आपटणे पुन्हा नव्याने घालतात, तेही तयार साठ्यातून. ज्या आवाजासाठी मूळ मंडळींनी रात्री जागवल्या तो पुसला जातो. उलट या प्रकारात संवाद थोडे असतात, म्हणून सबटायटल वाचायची सवय नसलेल्याला सुरुवात करायला याहून सोपा प्रकार नाही. घरातल्या मोठ्या माणसांनाही तो पाहता येतो.

मराठी सबटायटल करणाऱ्यांनी इंग्रजी सबटायटलवरून भाषांतर करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, इंडोनेशियनमध्ये जवळिकीचे, आदराचे आणि जकार्ताच्या रस्त्यावरचे संबोधन वेगवेगळे आहे. इंग्रजीत या सगळ्याचे एकच ‘यू’ होते. मराठीत ते जसेच्या तसे आणता येते: गुंड पोलिसाला ‘साहेब’ म्हणता म्हणता ‘तू’वर कधी आला, हे प्रेक्षकाला कळायलाच हवे. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरे, पडद्यावर सेकंदापेक्षा कमी नाही आणि सातपेक्षा जास्त नाही. ओळ अर्थाशी तोडावी. ‘गोळी सुटल्या’ वर आणि ‘शिवाय कोणी हलू नका’ खाली असे झाले तर वाचणारा अडखळतो आणि तेवढ्यात ठोसा निघून जातो. शॉट बदलतो त्याच क्षणी ओळ बदलावी, नाहीतर डोळा तीच ओळ पुन्हा वाचतो.

पुण्याच्या आणि गोव्याच्या चित्रपट महोत्सवांना हे आजही शक्य आहे. मूळ प्रतीला हात न लावता पडद्याखाली वेगळी पट्टी लावून लॅपटॉपवरून ओळी चालवण्याची पद्धत जगभरच्या महोत्सवांत रुळलेली आहे. त्याला भाषांतर केलेली, वेळा टाकलेली फाइल लागते आणि सिनेमा आधी दोनदा पाहिलेला एक माणूस, जो प्रत उशिरा सुरू झाली तर ओळी पुढे-मागे सरकवू शकेल. मध्यरात्रीच्या खेळाला दाखवल्या जाणाऱ्या एका हाणामारीपटापासून सुरुवात करावी. ‘द रेड’लाही सप्टेंबर २०११मध्ये टोरांटो महोत्सवात मध्यरात्रीच्याच विभागात प्रेक्षकांनी पसंतीचा पुरस्कार दिला होता. आपल्या वृत्तपत्राने महोत्सवांच्या आयोजकांना हा प्रश्न विचारावा आणि त्यांचे उत्तर छापावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक वाचक, कोल्हापूर